कोपऱ्यावरचं चायनीज आणि गिऱ्हाइकाची साक्ष

अमेरिकेत बहुतेक वस्त्यांमध्ये एखादं चायनीज कॅरीआउट असतंच. बसायला दोन-तीन खुर्च्या, काउंटरवर काच, वर दिव्याच्या फलकावर उजेडाने फिकुटलेले जेवणाचे फोटो आणि आतून कढईवर पळी आपटल्याचा आवाज. जेवण बांधून घ्यायचं आणि निघायचं. अशा दुकानांबद्दल गिऱ्हाइकं जे लिहितात, जे तारे देतात, त्यावरून हल्ली इथल्या मराठी मंडळींतही हमरीतुमरीवर येऊन वाद होतात. एक बाजू म्हणते, आम्ही पैसे मोजलेत, तेव्हा वाटेल ते मत मांडायचा आम्हाला हक्क आहे. ज्याचं जेवण चांगलं त्याला भ्यायचं कारण काय? दुसरी बाजू म्हणते, दिवसभर चुलीपुढे राबणाऱ्या कुटुंबाच्या पोटावर पाय देऊ नका; वाईट लिहिण्यामागे बहुतेकदा वंशद्वेषच असतो, म्हणून चांगलं लिहा, नाहीतर गप्प बसा. दोघंही तावातावाने बोलतात आणि दोघांच्याही हातून मुद्दा निसटतो. पहिली बाजू प्रत्येक मताला सारखंच वजन देते, दुसरी कुठल्याच मताला वजन द्यायला तयार नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. गिऱ्हाइकाने जरूर लिहावं, वेळ पडली तर कडक लिहावं, पण स्वतः जे पाहिलं, चाखलं, भोगलं त्याची साक्ष म्हणून लिहावं. साक्षीच्या पलीकडे जाऊन तो निकाल द्यायला लागला, की त्याचं मत मला ऐकावंसं वाटत नाही. आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांनी, प्रत्यक्ष आणि अनुमान हा भेद फार पूर्वी करून ठेवला आहे. डोंगरावर धूर दिसतो हे प्रत्यक्ष. तिथे आग आहे हे अनुमान, आणि ते टिकायला जिथे जिथे धूर तिथे तिथे आग ही व्याप्ती आधी पक्की असावी लागते. आता हीच कसोटी कॅरीआउटला लावा. चिकन थंड होतं, हे प्रत्यक्ष. कालचं असणार, हे अनुमान. मागवलं एक आणि पिशवीत निघालं दुसरं, हे प्रत्यक्ष. हे लोक मुद्दाम फसवतात, हे अनुमान. आणि ‘आतलं स्वयंपाकघर घाणच असणार, ही दुकानं अशीच असतात’ या वाक्यात तर धूरसुद्धा कोणी पाहिलेला नाही. तरी या सगळ्या वाक्यांची बेरीज होऊन दुकानाच्या नावापुढे एकच आकडा उमटतो, आणि त्या आकड्यात साक्ष किती आणि तर्क किती हे वाचणाऱ्याला कधीच कळत नाही.

एक अगदी नेहमीची तक्रार घ्या: ‘जनरल त्सो चिकन नरम पडलेलं होतं.’ या पदार्थात चिकनचे तुकडे कॉर्नस्टार्चमध्ये घोळवून, बहुधा दोनदा तळून, मग मोठ्या आचेवर गोड-आंबट-तिखट सॉसमध्ये जेमतेम परतले जातात. कढईतून उतरतो त्या क्षणी तो कुरकुरीत असतो. मग तो बंद डब्यात जातो. गरम अन्नाची वाफ झाकणाला लागते, तिचं पाणी होऊन परत खाली पडतं आणि तळलेलं आवरण सॉसही पितं, पाणीही पितं. त्या आवरणाला वेळ थोडा असतो. घर पाच मिनिटांवर असेल तर वेगळा पदार्थ, वीस मिनिटांवर असेल तर वेगळा, आणि अॅपवाल्याने वाटेत आणखी दोन घरं केली तर तिसराच. तक्रार खोटी नाही. चिकन खरोखर नरम होतं. पण कढईपासून ताटापर्यंत किती वेळ गेला हे सांगितल्याशिवाय ती साक्ष अर्धीच. शिवाय अशा दुकानात कढया दोन किंवा तीन, आणि प्रत्येक पदार्थ एकेक करून, कढई धुऊन, पुन्हा तापवून करायचा असतो. शुक्रवारी संध्याकाळी फोन, काउंटर आणि अॅप अशा तिन्ही बाजूंनी ऑर्डरी आल्या की रांग लागणारच. तरीही ‘दहा मिनिटं सांगितली आणि पस्तीस लागली’ असं कोणी लिहिलं, तर मी त्याला शंभर टक्के रास्त म्हणेन. दहा मिनिटांचा शब्द दुकानाने दिला होता. दुकानाने दिलेला शब्द आणि गिऱ्हाइकाने मनाशी धरलेली अपेक्षा या दोन गोष्टी एका तराजूत टाकायच्या नसतात.

पहिल्या बाजूचे काही मुद्दे खरोखर बळकट आहेत आणि ते टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. पहिला असा, की या मतांनी लहान दुकानांचं भलं केलं आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकल लुका यांनी सिअॅटलमधल्या रेस्टॉरंटांची आकडेवारी तपासून २०११ मध्ये दाखवलं, की येल्प या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर एक तारा वाढला की उत्पन्न साधारण ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं. महत्त्वाचं म्हणजे हा परिणाम स्वतंत्र दुकानांवर दिसला, साखळी रेस्टॉरंटांवर नाही. उलट येल्पचा वापर वाढला तसा साखळ्यांचा वाटा घटला. ज्याच्याकडे जाहिरातीला पैसा नाही, ज्याचं नाव रस्त्यावरच्या दुसऱ्या दहा दुकानांसारखंच आहे, त्याची ओळख चार अनोळखी माणसांच्या चांगल्या शब्दांमुळे होते. मतं नकोतच म्हणणाऱ्यांनी याचा विचार केला आहे का? मात्र हाच आकडा उलटूनही वाचायला हवा. रेस्टॉरंटच्या धंद्यात नफा मुळात थोडका. त्यात अॅपवाले ऑर्डरीमागे १५ ते ३० टक्के कापून घेतात. अशा दुकानाच्या उत्पन्नातून ५ ते ९ टक्के गेले तर मागे काय उरतं? ज्या शब्दाला इतकं वजन आहे तो सैल सोडायचा हक्क मला मान्य नाही. हॉटेलांच्या साखळीला एका ताऱ्याने ओरखडाही पडत नाही आणि कोपऱ्यावरच्या दुकानाचं भाडं थकतं, हे माहीत असताना तर नाहीच.

दुसरा मुद्दा याहून मोठा आहे. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने कोलंबिया विद्यापीठाच्या मदतीने २०१२-१३ मध्ये सुमारे २ लाख ९४ हजार येल्प अभिप्राय संगणकाने चाळून पाहिले. त्यांतले ४६८ अन्नातून झालेल्या आजाराशी जुळणारे निघाले, आणि त्यांतल्या जेमतेम ३ टक्के लोकांनीच शहराच्या ३११ क्रमांकावर तक्रार केली होती. या नोंदींचा माग काढून खात्याला आधी कुणीच न कळवलेले विषबाधेचे तीन उद्रेक सापडले. म्हणजे लोक सरकारला जे सांगत नव्हते ते इथे लिहीत होते, आणि त्यातून सार्वजनिक आरोग्याचं काम झालं. गिऱ्हाइकाच्या मताच्या बाजूने याहून सबळ पुरावा मला माहीत नाही. आता त्या कामी कुठली वाक्यं आली ते बघा. खाल्लं कधी, आजारी किती जण पडले, खाल्ल्यापासून त्रास सुरू होईपर्यंत किती तास गेले, हे ज्यांनी लिहिलं होतं त्यांचा माग काढता आला. ‘घाणेरडी जागा, कधीही जाऊ नका’ या वाक्याचा आरोग्य अधिकाऱ्याला काय उपयोग? पहिल्या बाजूने हे उदाहरण अभिमानाने सांगावं, पण तो विजय साक्षीचा आहे, तारा ठोकण्याच्या स्वातंत्र्याचा नव्हे.

साक्षीचं सोंग घेतलेलं अनुमान किती लांब जाऊ शकतं याचं सगळ्यात धडधडीत उदाहरण याच दुकानांच्या वाट्याला आलेलं आहे. एप्रिल १९६८ मध्ये मेरीलँडमधले एक चिनी वंशाचे डॉक्टर रॉबर्ट हो मान क्वोक यांचं एक छोटं पत्र न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं. चिनी रेस्टॉरंटात जेवल्यावर आपल्याला मानेशी बधिरपणा, अशक्तपणा, धडधड जाणवते असं त्यांनी लिहिलं, सोया सॉस, स्वयंपाकातली वाइन, मीठ, मोनोसोडियम ग्लुटामेट अशी काही संभाव्य कारणं मांडली आणि कोणीतरी याचा अभ्यास करावा असं सुचवलं. पत्र प्रश्न विचारत होतं. नियतकालिकाने त्यावर मथळा दिला ‘चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम’, आणि तिथून पुढे प्रश्न गळून पडला, मथळा तेवढा राहिला. दोष जाऊन बसला मोनोसोडियम ग्लुटामेटवर, म्हणजे एमएसजीवर. हेच ते अजिनोमोटो. त्यातलं ग्लुटामेट टोमॅटोत असतं, पार्मेझान चीजमध्ये भरपूर असतं, पाकिटातल्या चिप्समध्ये आणि डब्यातल्या सूपमध्ये घातलं जातं. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन त्याची गणना मीठ आणि बेकिंग पावडरच्या पंगतीत, सामान्यतः सुरक्षित पदार्थांत करतं. मग चिप्सचं अख्खं पाकीट संपवल्यावर दुखलेल्या डोक्याला कुठल्या देशाचं नाव दिलं गेलं? डोकं दुखलं हे प्रत्यक्ष, आणि ज्याचं दुखलं त्याच्यावर मी विश्वास ठेवते. पण ते कशाने दुखलं हे त्याला जिभेने कळत नाही. तरी पाच दशकं लोक जेवून उठल्यावर खात्रीने कारण सांगत राहिले, दुकानदार दारावर ‘नो एमएसजी’च्या पाट्या लावत राहिले, आणि मेरियम-वेबस्टर शब्दकोशाने ‘चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम’ या नोंदीत दुरुस्ती केली ती २०२० मध्ये.

इथे पहिल्या बाजूचे लोक म्हणतात, आम्ही सगळ्यांना एकच कसोटी लावतो; इटालियन असो, मेक्सिकन असो वा चायनीज, स्वच्छता ती स्वच्छता आणि सेवा ती सेवा. ऐकायला हे निःपक्षपाती वाटतं. पण नियम कागदावर सारखा आहे एवढ्याने तो सारखा लावला जातो असं होत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८६ मध्येच सांगितलं आहे, आणि तेही चिनी धंदेवाल्याच्याच खटल्यात. सॅन फ्रान्सिस्कोने १८८० मध्ये ठराव केला, की लाकडी इमारतीत धोबीखाना चालवायचा तर शहराची परवानगी हवी. ठरावात चिनी हा शब्दही नव्हता. कारण आगीच्या भीतीचं होतं, आणि लाकडी शहरात ती भीती खोटी नव्हती. शहरातल्या सुमारे ३२० धोबीखान्यांपैकी २४० च्या आसपास चिनी मालकांचे. सुमारे दोनशे चिनी मालकांनी अर्ज केले, ते सगळे फेटाळले गेले. ऐंशीच्या आसपास इतरांचे अर्ज, एक वगळता, मंजूर झाले. यिक वो विरुद्ध हॉपकिन्स या खटल्यात न्यायालयाने नियमाच्या अक्षरांपलीकडे जाऊन तो राबवणारा हात पाहिला. आपणही तेच करायला नको का? आणि चिनी जेवणाच्या दुकानांकडे बघायची नजर कुठून आली तेही लक्षात ठेवलं पाहिजे. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना देशात यायची बंदी झाली, ती उठायला १९४३ साल उजाडलं, आणि उठली तेव्हाही वर्षाला फक्त १०५ जणांना वाट मिळाली. १९११ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळापुढे असं विधेयक होतं, की २१ वर्षांखालच्या स्त्रियांना चिनी माणसाने चालवलेल्या हॉटेलात वा रेस्टॉरंटात पाऊलच टाकू द्यायचं नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. ‘आत काय चालतं कोण जाणे’ हा संशय त्या विधेयकात होता. आज स्वयंपाकघराचं दारही न बघता ‘आत काय घालतात कोण जाणे’ असं लिहिणाऱ्याच्या मनात द्वेष असेलच असं मी म्हणत नाही. पण हे वाक्य त्याला कुठून सुचलं, हे त्याने स्वतःला विचारावं असं मला मनापासून वाटतं.

‘हे खरं चायनीज नाही’ ही तक्रार तर आपली मंडळीही मोठ्या तोऱ्यात करतात. खरं म्हणजे कुठलं? जनरल त्सो चिकनचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते आचारी पेंग चांग-क्वेइ हुनानचे. त्यांनी हा पदार्थ १९५० च्या दशकात तैवानमध्ये रचला. त्यात गोडवा नव्हता. तो न्यूयॉर्कला १९७० च्या दशकात गोड आणि कुरकुरीत झाला, कारण जेवणाऱ्यांना तसा हवा होता. ज्या सेनापतीचं नाव त्याला आहे, त्या एकोणिसाव्या शतकातल्या झुओ झोंगतांगने तो कधी चाखला नाही. वॉशिंग्टनच्या कॅरीआउटांत चिकन विंग्जवर लालसर गोड-आंबट मम्बो सॉस ओततात; ती तिथल्या कृष्णवर्णीय वस्त्यांची चव. सेंट लुईसमध्ये एग फू यंगची, म्हणजे चिनी धाटणीच्या ऑम्लेटची, वडी मेयॉनीज आणि लोणच्यासकट पांढऱ्या पावाच्या दोन कापांत घालून देतात. हे पदार्थ गिऱ्हाइकांच्या मतांतूनच घडले आहेत. ‘थोडं गोड कर’, ‘बरोबर फ्राइज दे’, ‘सॉस जास्त’ असं लोक वर्षानुवर्षं काउंटरवरून सांगत आले आणि आतला माणूस ऐकत आला. आपण ज्याला हाका मारमारून मागतो ते चिकन मंचुरियन तरी काय आहे? मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वँग यांनी १९७५ च्या सुमारास केलेला प्रयोग, असंच त्याबद्दल सांगतात. मंचुरियात ते कोणाला ठाऊक नाही. तेव्हा फुजियान प्रांतातून आलेल्या आणि न्यू जर्सीत दुकान चालवणाऱ्या माणसाकडे मंचुरियन आणि हक्का नूडल्स मिळत नाहीत म्हणून तारा कापणं हा अन्याय आहे. त्याच्या फलकावर ते लिहिलेलंच नाही.

आपल्या लोकांना द्यायची साक्ष वेगळी आहे, आणि ती फार मोलाची आहे. भाज्यांच्या पदार्थातही ऑयस्टर सॉस किंवा चिकनचं पाणी असू शकतं, साध्या व्हेजिटेबल फ्राइड राइसमध्ये अनेकदा अंडं असतं, आणि सांगितलं तर ते वगळतात की नाही, हे शाकाहारी माणसाने खाऊन, विचारून, तपासून लिहिलं तर दुसऱ्या शाकाहारी माणसाला त्याचा किती उपयोग होईल! तीच गोष्ट अॅलर्जीची. २०२३ पासून तीळ हा अमेरिकेच्या कायद्यात नववा प्रमुख अॅलर्जीकारक पदार्थ आहे, आणि या स्वयंपाकात तिळाचं तेल सगळीकडे असतं. ‘तीळ नको म्हणून दोनदा सांगितलं, तरी आले’ हे वाक्य जहाल आहे, दुकानाला झोंबणारं आहे, आणि ते लिहिलंच पाहिजे.

यावरून दुसऱ्या बाजूकडे वळते, कारण तिचा चांगुलपणा मला पहिल्या बाजूच्या उद्धटपणाइतकाच अडचणीचा वाटतो. ‘गरीब आहेत, सांभाळून घ्या’ असं म्हणणारा त्या दुकानदाराला बरोबरीचा धंदेवाला मानत नाही. तो त्याच्यावर दया करतो. जो माणूस परक्या मुलखात येऊन, दुसऱ्याच्या कढईवर वर्षं काढून, नातेवाइकांकडून उसनवारी करून स्वतःचं दुकान मांडतो, त्याला आपलं चिकन थंड गेलं हे ऐकायची ताकद नाही असं तुम्ही कशावरून ठरवलंत? आणि अभिप्रायांमुळे ही दुकानं बंद पडतात हेही सरसकट खरं नाही. २०१९ च्या अखेरीला न्यूयॉर्क टाइम्सने येल्पचीच आकडेवारी घेऊन दाखवलं होतं, की अमेरिकेतल्या २० मोठ्या महानगर भागांत पाच वर्षांत चिनी रेस्टॉरंटं सुमारे १,२०० ने घटली, आणि त्यामागचं एक मोठं कारण आनंदाचं होतं: मालकांची मुलं शिकून दुसऱ्या पेशांत गेली, आणि आईबापांनाही तेच हवं होतं. काउंटरवर गृहपाठ करता करता फोन उचलणारी, बापाला इंग्रजी पत्रं वाचून दाखवणारी ती मुलं. दुकान दयेवर नाही, कष्टावर चाललं. त्याला खोटी स्तुती नको आहे.

पण दुसऱ्या बाजूचा एक मुद्दा मी पूर्ण मान्य करते: या व्यवहारात उत्तर द्यायची ताकद सारखी नसते. पूर्वीचं मत काउंटरवरून थेट आचाऱ्याला सांगितलं जाई; आजचं मत त्याच्या डोक्यावरून अनोळखी वाचकांना सांगितलं जातं, त्याला नीट न येणाऱ्या भाषेत. मोठ्या साखळीकडे गोड शब्दांत माफी लिहायला पगारी माणसं असतात. इथे उत्तर लिहिणार कोण? कॉलेजातून सुट्टीला आलेली मुलगी. म्हणून माझा आग्रह आहे, की चुकलेली ऑर्डर आधी फोन करून सांगावी. बहुतेक दुकानं पदार्थ बदलून देतात किंवा पुढच्या वेळी पैसे वळते करतात. नाही केलं तर तेही लिहा, मग ती साक्ष आणखी भक्कम होते.

प्रमाण सुटलं की खरी तक्रारही कशी वाकडी होते याचं उदाहरण बॉस्टनजवळ २०१४ मध्ये घडलं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या एका प्राध्यापकाने सिचुआन रेस्टॉरंटातून घरी जेवण मागवलं. वेबसाइटवरचे दर जुने होते. बिलात चार डॉलर जास्त लागले. त्याने लिहून विचारलं, मालकाच्या मुलाने चूक कबूल केली. प्राध्यापकाने ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार घेऊन तिप्पट, म्हणजे बारा डॉलर मागितले आणि पुढे अधिकाऱ्यांपर्यंत प्रकरण नेलं. पत्रव्यवहार छापून आल्यावर देशभर त्याचीच छी-थू झाली आणि त्याला जाहीर माफी मागावी लागली. लोक त्याला हसले, पण मला तो सरसकट चुकला असं वाटत नाही. दर जुने होते हे खरं होतं. इतरांनाही तसंच बिल लागलं असणार, हा त्याचा मुद्दा गंभीर होता. ‘वेबसाइटवरचे दर जुने आहेत, मागवताना विचारून घ्या’ एवढी एक ओळ त्याने लोकांना सांगितली असती तर सगळ्यांचं काम झालं असतं. साक्ष त्याच्याजवळ पक्की होती, तरी तो स्वतःच न्यायासनावर जाऊन बसला.

सगळ्यात अवघड प्रश्न वागणुकीचा. ‘उद्धट आहेत, हसत नाहीत’ ही तक्रार या दुकानांबद्दल सर्रास होते, आणि तिचे दोन अगदी वेगळे अर्थ आहेत. एक, दोन वाक्यांत ऑर्डर घेऊन फोन ठेवणं. समोर पाच माणसं उभी असताना, दुसऱ्या भाषेत काम करताना, तुटक बोलणं हा अपमान नसतो. ज्या हॉटेलात वाढप्याला बक्षिसी मिळते तिथलं हसू बिलातच धरलेलं असतं. इथे ते कोणी विकतही नाही आणि कोणी त्याचे पैसेही देत नाही. अन्न-अभ्यासक कृष्णेंदु राय यांनी दाखवलं आहे, की कुठल्या देशाच्या जेवणाला आपण किती पैसे मोजायला तयार असतो हे त्या देशाच्या स्थलांतरितांच्या प्रतिष्ठेवरही ठरतं. चायनीज स्वस्तच असलं पाहिजे असं आपण धरून चालतो आणि वर आदबशीर सेवाही मागतो. दोन्ही कशी मिळणार?

दुसरा अर्थ मात्र मनाला लागणारा आहे. बाल्टिमोर, वॉशिंग्टन, फिलाडेल्फियाच्या गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांत कॅरीआउटच्या काउंटरवर जाड, गोळी न भेदणारी काच असते. पैसे एका फटीतून आत जातात, जेवण एका खिडकीतून बाहेर येतं. २०१७ मध्ये फिलाडेल्फियाच्या नगर परिषदेत बियर विकणाऱ्या अशा दुकानांमधल्या काचांवरून मोठा वाद पेटला. रहिवासी म्हणत, आमच्याच वस्तीत आम्हाला गुन्हेगारासारखं काचेआडून जेवण देतात. दुकानदार, त्यांतले बरेच आशियाई स्थलांतरित, म्हणत, काच काढली तर जीव जाईल. आमच्यातली माणसं लुटीत मेली आहेत. दोघंही स्वतः भोगलेलं सांगत होते. ‘माझ्याकडून जेवण द्यायच्या आधी पैसे घेतले, माझ्यानंतरच्या गोऱ्या माणसाकडून जेवण दिल्यावर’ असं कोणी लिहिलं तर ती चवीची तक्रार नव्हे. ती नागरिकाची साक्ष आहे आणि तिला ‘बिचारे स्थलांतरित’ म्हणून झाकणं हा त्या गिऱ्हाइकावरचा दुसरा अपमान ठरतो. वंशद्वेषाची चर्चा फक्त दुकानदाराच्या बाजूने करणारे इथे गप्प का होतात? आणि एका आकड्यात ही साक्ष आणि ‘सोया सॉसच्या पुड्या कमी दिल्या’ ही कुरकुर सारखीच बुडून जाते, याचा राग पहिल्या बाजूला का येत नाही?

म्हणून माझी मागणी लिहिणाऱ्यांपेक्षा हे आकडे छापणाऱ्या कंपन्यांकडे जास्त आहे. त्यांना सगळं माहीत असतं. ऑर्डर किती वाजता दिली, दुकानाने ती किती वाजता तयार केली, अॅपवाल्याने ती किती उशिरा पोचवली, हे त्यांच्याच यंत्रात नोंदलेलं असतं. मग उशिराचा तारा दुकानाच्या खात्यातून का कापतात? वेळ, ऑर्डरची अचूकता, चव आणि वागणूक यांना वेगवेगळे रकाने द्यायला काय अडचण आहे? स्वच्छतेचं म्हणाल तर त्याचं उत्तर गिऱ्हाइकाने द्यायचंच नाही. न्यूयॉर्कमध्ये २०१० पासून प्रत्येक रेस्टॉरंटच्या दर्शनी भागात तपासणीची श्रेणी लावावी लागते, लॉस एंजेलिसमध्ये त्याच्याही आधीपासून, आणि येल्पने सॅन फ्रान्सिस्कोपासून सुरुवात करून २०१३ मध्ये सरकारी तपासणीचे गुण दुकानाच्या पानावर दाखवायला सुरुवात केली. जिथे दार उघडून, थर्मामीटर लावून, फ्रिजचं तापमान मोजून अधिकाऱ्याने लिहिलेला अहवाल उपलब्ध आहे, तिथे काउंटरच्या अलीकडून बांधलेला अंदाज त्याच्या शेजारी त्याच वजनाने छापू नये. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये नियम करून विकत घेतलेले आणि बनावट अभिप्राय बेकायदा ठरवले, हे उत्तम झालं. पण खऱ्या माणसाने खऱ्या मनाने लिहिलेला चुकीचा तर्क कुठलाच नियम पकडणार नाही. त्यासाठी हे रकानेच बदलावे लागतील, आणि ते होईपर्यंत मी एकूण ताऱ्यांकडे पाहत नाही. तारीख, पदार्थाचं नाव आणि काय घडलं एवढं ज्यांत लिहिलेलं आहे अशा ताज्या नोंदी तेवढ्या वाचते, आणि बाकीच्या सोडून देते.